सात रस्त्यावरून नवी पेठेत जायला पॅकेट चेन्नईला का जातंय?

जुळेकर
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण इथं नेटवर्कातले, टेलिफोनवाले, रेल्वेवाले सगळेच आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या चुलत्यांचा केबलचा धंदा, आता काही वर्षं झाली इंटरनेटपण देतो. साधारण दोन हजार घरं आहेत, नेटवर्क मी बघतो. जुळे सोलापुरात मेन रूम, तिथनं होटगी रोडला फायबर आणि होटगी रोडहून पुढं अक्कलकोट रोड एमआयडीसीला फायबर. शिवाय जुळ्याच्या गच्चीवरून एमआयडीसीच्या गच्चीवर एक वायरलेस लिंक टाकलीय, बॅकअप म्हणून. बाहेरचं नेट एकाच कंपनीकडून घेतो, पुण्यावरून येतं, ५ जीबीपीएस.

तक्रार अशी की स्पीड टेस्ट केली की सगळे खूश, पण रात्री गेम अडकतो आणि व्हिडिओ कॉलवर माणूस तोंड उघडं ठेवून थांबतो. सकाळी मुंबईचा पिंग, म्हणजे पॅकेट (डेटाचा बारका तुकडा) जाऊन परत यायला लागणारा वेळ, ९ मिलिसेकंद, रात्री दहाला तोच ७०-८०. आणि परवा जे बघितलं त्यानं झोपच उडाली. सात रस्त्याला आमचा एक ग्राहक, त्याचं दुकान नवी पेठेत, दुकानाला नेट दुसऱ्याचं. घरून दुकानाचा कॅमेरा बघतो तर पिंग ५२. ट्रेसराउट मारला, म्हणजे पॅकेट कुठून कुठून जातं ते बघितलं, तर पुणे, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि मग सोलापूर! गाडीवर दहा मिनिटं लागत नाहीत तिथं जायला.

आता चुलते म्हणालेत, नेटवर्क नव्यानं मांड, थोडा पैसा घालू. तर शहरात रिंग (गोल जोडणी) करू का सगळं जुळ्यातून स्टार (प्रत्येक ठिकाणाला वेगळी तार) काढू? हैदराबादकडून दुसरी लिंक घ्यावी का? आणि सोलापुरातल्या सोलापुरात ऑपरेटर लोकांनी एकमेकांना जोडून घेतलं तर काही फरक पडेल का?

पिंग पहिलवान
काका तुमचंच कनेक्शन आहे माझ्याकडं. रात्री दहाला मी गोळी झाडतो आणि समोरचा जेवून हात धुऊन येतो, मग त्याला लागते. लवकर करा की.

हिंजवडीतला सोलापुरी
आधी हिशोब मांड, मग खर्च कर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा एक तृतीयांश कमी. म्हणजे जाऊन येऊन धरलं तर दर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद. हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. सोलापूर ते मुंबई रस्त्यानं ४०० किलोमीटर, तर ४ मिलिसेकंद देवानंच ठरवून दिलेत. फायबर काही सरळ जात नाही, गावागावात शिरतं, वळसे घेतं, मध्ये राउटर आहेत, आणि घरापासून तुमच्या ओएलटीपर्यंतच (घरांच्या तारा जिथं येतात ते मशीन) एक-दोन मिलिसेकंद जातात कारण जीपॉनमध्ये, म्हणजे घराघरात फायबर द्यायच्या पद्धतीत, एका तारेवर ३२-६४ घरं असतात आणि प्रत्येकाला वर पाठवायची पाळी मिळावी लागते. तेव्हा तुझे सकाळचे ९ हे चांगलेच आहेत. त्यातले फार तर दोन-तीन कमी होतील.

मग रात्रीचे ७० कुठून आले? रात्री मुंबई काही लांब जात नाही. ती सगळी रांग आहे. कुठंतरी एखाद्या राउटरच्या बफरमध्ये (थांबायच्या जागेत) पॅकेटं उभी आहेत. आणि नवी पेठेचे ५२ ही रांग नाही, तो रस्ताच चुकीचा आहे. हे दोन वेगळे आजार आहेत, एका औषधानं बरे होणार नाहीत.

रिंग का स्टार यावर डोकं फोडू नकोस. जुळ्यापासून एमआयडीसी दहा-बारा किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन ०.१ मिलिसेकंद. कशीही जोड, पिंगला फरक दिसणार नाही. रिंगचा फायदा जेसीबीनं तार तोडल्यावर.

निवृत्त ट्रंकवाला
जुळेकर, तुमचा प्रश्न वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली. आम्ही ट्रंक कॉल जोडायचो. त्या काळी एक्स्चेंजची उतरंड असायची, छोट्या गावाचं एक्स्चेंज मोठ्याला, मोठं त्याहून मोठ्याला. शेजारच्या दोन गावांचे कॉलही वर जाऊन खाली यायचे. पण ज्या दोन ठिकाणांत बोलणं फार, त्यांच्यामध्ये थेट सर्किट टाकायची पद्धत होती. थेट सर्किट आधी भरायचं, ते भरलं की उरलेले कॉल वरच्या एक्स्चेंजकडं. भारतात पहिली एसटीडी १९६० साली कानपूर-लखनौ सुरू झाली, ती दोन शहरं का निवडली असतील विचार करा.

तुमच्या इंटरनेटमध्येही तेच लागतं असं मला वाटतं. शेजाऱ्याशी थेट तार, आणि बाकी सगळं वर. आम्ही सर्किटं मोजायला रोज नोंदवही ठेवायचो, कुठल्या तासाला किती कॉल. तुम्ही तासावार नोंद ठेवता का?

होटगी जंक्शन
ट्रंकवाले साहेब, नोंदवहीचं एकदम बरोबर. मी रेल्वेत आहे. होटगीला लाइन फुटते, एक वाडीकडं जाते, एक विजयपूर-गदगकडं. गाडी कुठं वळवायची ते होटगीलाच ठरतं, त्यासाठी कुणी ती दादरला नेऊन परत आणत नाही. मग पॅकेटला हे का कळत नाही? जवळचा रस्ता असताना तो चेन्नईला का जावा, कुणीतरी सोप्या भाषेत सांगा.

हिंजवडीतला सोलापुरी
जंक्शनदादा, मुळात सोलापुरात लाइन फुटतच नाही, तोच तर घोळ आहे. तुमच्याकडं होटगीला रूळ जोडलेले आहेत. इथं दोन ऑपरेटरांची फायबर एकाच खांबावरून गेलेली असते पण एकमेकांना जोडलेली नसते. पहिला जोड मुंबईत किंवा चेन्नईत.

आणि जोड असला तरी कंपन्या-कंपन्यांमधला रस्ता ठरवतो बीजीपी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायची रीत. त्याची पहिली आवृत्ती १९८९ ची. दोन इंजिनिअरांनी जेवताना नॅपकिनवर काढलेला आराखडा होता, तोच सुधारत सुधारत आज सगळं जग चालवतोय. बीजीपीला मिलिसेकंद कळत नाही. किलोमीटर कळत नाही. तो आधी बघतो की मालकानं कुणाला पसंती दिलीय, म्हणजे कुठून पैसे मिळतात, कुठं द्यावे लागतात. ते सारखं असेल तर किती कंपन्यांच्या हद्दी ओलांडाव्या लागतात ते मोजतो. एक हद्द ओलांडून चेन्नई आणि दोन हद्दी ओलांडून पुणे, तर तो खुशाल चेन्नईला जातो. शिवाय प्रत्येक कंपनी परक्याचं पॅकेट आपल्या तारेवरून लवकरात लवकर बाहेर काढते, गरम बटाटा हातात नको म्हणून पुढच्याला देतात तसं. म्हणून जायचा रस्ता एक आणि यायचा भलताच.

जुळेकर, ट्रेसराउट फक्त जायचा रस्ता दाखवतो. नवी पेठेतूनही उलटा मारून बघ. आणि मधल्या एखाद्या ओळीत १५० दिसले आणि पुढच्या ओळीत ५० तर घाबरू नको, मोठे राउटर ट्रेसराउटला उत्तर द्यायचं काम सगळ्यात शेवटी करतात. शेवटची ओळ खरी.

साखरपेठ
मी जरा वेगळं बोलतो. सोलापुरात ऑपरेटरांनी एकमेकांना जोडणं वगैरे ऐकायला छान आहे. पण तुमच्या दोन हजार घरांतलं रात्रीचं ट्रॅफिक काढा, बहुतेक सगळं व्हिडिओ आहे. तो व्हिडिओ काही नवी पेठेतून येत नाही, मोठ्या कंपन्यांच्या कॅशमधून (जवळ ठेवलेल्या प्रतींमधून) येतो, मुंबईतून नाहीतर तुमच्या अपस्ट्रीमकडून (ज्याच्याकडून नेट घेता तो). घरातून घरात किती जातं? हाताच्या बोटावर मोजण्याइतकं. त्यासाठी जागा भाड्यानं घ्या, स्विच (तारा एकत्र जोडायची पेटी) घ्या, लाइट बिल भरा, आणि ऑपरेटर लोक तर एकमेकांचे खांब तोडतात, ते काय एका खोलीत बसणार. त्यापेक्षा तोच पैसा बाहेरच्या लिंकवर घाला.

क्ष किरण ताई
साखरपेठ दादा, "किती जातं" हा एकच प्रश्न नाही, "काय जातं" हाही आहे. मी एका हॉस्पिटलमध्ये सीटी स्कॅनवर काम करते. आमचे रेडिओलॉजिस्ट रात्री घरून फोटो बघतात. घर आसरा चौकाजवळ, हॉस्पिटलपासून पाच किलोमीटर. एका पेशंटचा स्कॅन ५०० एमबीच्या आसपास. दोन्हीकडं १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, स्पीड टेस्टला दोन्हीकडं शंभरच्या शंभर येतात, तरी फाइल जायला सात मिनिटं लागतात. अपघाताचा पेशंट टेबलावर असतो तेव्हा ती सात मिनिटं कशी जातात ते आमचं आम्हाला माहिती. दोन्ही कंपन्यांना फोन केले, दोघंही म्हणतात आमच्याकडून ओके आहे.

हिंजवडीतला सोलापुरी
ताई, दोघंही खरं बोलताहेत आणि तरी तुमचे पेशंट थांबताहेत, यातच सगळं आलं. तुमच्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर जुनं असणार. टीसीपी, म्हणजे डेटा पोचवायची रीत, थोडा माल पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पोचेशिवाय जास्तीत जास्त ६४ केबी पाठवता येतं. पोच यायला ५० मिलिसेकंद लागले तर सेकंदाला अशा वीसच खेपा होतात. ६४ केबी गुणिले वीस, म्हणजे साधारण १०.५ एमबीपीएस. प्लॅन शंभरचा असो का हजारचा. ५०० एमबीला भागा, सहा-सात मिनिटं येतात. तुमचा आकडा तंतोतंत जुळतो!

म्हणजे पोच ४ मिलिसेकंदात यायला लागली तर तेच जुनं सॉफ्टवेअर शंभरचा प्लॅन पूर्ण वापरेल. साखरपेठ, हे ट्रॅफिक ग्राफवर दिसणारही नाही इतकं किरकोळ आहे, पण त्याचा उशीर किरकोळ नाही.

साखरपेठ
ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं. मान्य. खर्चाबद्दलचं मत तरी तेच ठेवतो.

चादर टॉवेल
आमचं टॉवेलचं युनिट एमआयडीसीत. दुबईच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर लूमवरचा माल दाखवतो, रंग पसंत पडला की पुढं. संध्याकाळी तिकडं ऑफिस चालू असतं आणि इकडं तीच वेळ नेट मरायची. आवाज एक सेकंदानं पोचतो, मग दोघं एकदम बोलतो, मग दोघं एकदम थांबतो. बापूंच्या काळात पत्रावर धंदा व्हायचा तो बरा म्हणायची वेळ. माझ्या पोरानं गच्चीवरच्या डिशकडं बोट दाखवून सांगितलं की आपलं सगळं त्या वायरलेसवरून जातंय. खरं का जुळेकर?

जुळेकर
नाही हो शेठ, ती बॅकअप आहे. मेन फायबर आहे तुम्हाला. फायबर तुटलं तरच वायरलेस.

हिंजवडीतला सोलापुरी
थांब. आतले रस्ते निवडायला ओएसपीएफ चालवतोस ना? लिंकांची कॉस्ट, म्हणजे रस्ता निवडायचा आकडा, किती ठेवलीयेस?

जुळेकर
हो ओएसपीएफच. कॉस्ट... डिफॉल्ट. हात नाही लावला कधी.

हिंजवडीतला सोलापुरी
मग शेठच्या पोराचं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. ओएसपीएफ सगळ्यात कमी बेरजेचा रस्ता काढतो, डायक्स्ट्रानं १९५९ साली छापलेली रीत. रीत पक्की आहे पण बेरीज तू देशील तीच. बऱ्याच राउटरांत जुन्या काळचा हिशोब आहे, १०० एमबीपीएसला कॉस्ट १, आणि १ च्या खाली जाता येत नाही. म्हणून १ जीबी असो का १० जीबी, सगळ्यांना १ च. तुझा फायबरचा रस्ता जुळे, होटगी रोड, एमआयडीसी म्हणजे दोन उड्या, बेरीज २. वायरलेस एका उडीत, बेरीज १. राउटरच्या दृष्टीनं वायरलेसच मेन आहे आणि फायबर बॅकअप. जा, बघ.

शेंगा चटणी
हे वाचून कडक भाकरी घशात अडकली. आमच्याकडंपण असंच असेल का?

बाजार बघ्या
विषय निघालाच आहे तर विचारतो. मी शेअरमध्ये इंट्राडे करतो. फायबर १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद म्हणताय, मग मी मुंबईला खोली घेतली तर फायदा होईल का?

हिंजवडीतला सोलापुरी
बघ्याभाऊ, तुम्ही माऊसनं क्लिक करताय तोवर ४ मिलिसेकंदाला अर्थ नाही, डोळ्यानं बघून बोट हलवायलाच दोनशे लागतात. जिथं अर्थ आहे तिथं लोक खोली नाही, एक्स्चेंजच्याच इमारतीत मशीन ठेवतात. शिकागो ते न्यूयॉर्क २०१० मध्ये एका कंपनीनं डोंगर फोडून जास्तीत जास्त सरळ फायबर टाकलं, जाऊन येऊन १३ मिलिसेकंदांवर आणलं. थोड्याच वर्षांत दुसऱ्यांनी मनोऱ्यांवरून मायक्रोवेव्ह नेला आणि ९ च्या खाली गेले, कारण हवेत प्रकाश पूर्ण वेगानं जातो आणि मनोरे सरळ रेषेत उभे करता येतात. म्हणून वायरलेस म्हणजे वाईट असंही नाही हं जुळेकर. तुझ्या वायरलेसला वेग कमी नाही, रुंदी कमी आहे.

निवृत्त ट्रंकवाला
आणि पाऊस पडला की तेच मनोरे मुके होतात. आमच्याकडं मायक्रोवेव्ह होतं, मला विचारा.

जाळीवाला
रिंगवरून आठवलं. एका गावात मी ऑपरेटरकडं कामाला होतो. मालकानं हौसेनं स्विचची रिंग केली, राउटर नाही, नुसते स्विच. यात्रेच्या दिवसांत कुणीतरी एक पॅच कॉर्ड (छोटी जोडतार) उरली म्हणून रिकाम्या पोर्टात खोचली. स्विचवर स्पॅनिंग ट्री बंद होतं. सगळ्यांना जाणारं एक ब्रॉडकास्ट पॅकेट गोल गोल फिरायला लागलं, त्याची हजार झाली, हजाराची लाख. सगळं गाव बंद. आम्ही रात्रभर ओएलटी बदलत बसलो. सकाळी झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, ही वायर काल नव्हती ना?

स्पॅनिंग ट्री रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये काढलं, नेमकं याचसाठी, की तारा गोल असल्या तरी माल झाडासारखाच जावा. ते कधी बंद करू नका. आणि शहरात रिंग करायचीच तर प्रत्येक टोकाला राउटर ठेवून रिंग करा, स्विचची गोधडी नको.

होटगी जंक्शन
मावशींना इंजिनिअर करा.

जुळेकर, दुसऱ्या लिंकबद्दल एक सांगतो. दोन लिंका घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले असं समजू नका. पुण्याकडं जाणाऱ्या दोन कंपन्यांची तार हायवेच्या कडेनं एकाच पुलावरून जाऊ शकते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ हायवे बंद होता, आठवतंय ना. कंपनीला लेखी विचारा की तार कुठून जाते, रस्त्यानं का रुळानं. रेल्वेच्या कडेनं रेलटेलचं फायबर आहे, ते कुर्डुवाडी-दौंडवरून जातं, हायवेपासून वेगळं. नकाशा घेतल्याशिवाय सही करू नका.

तेलुगू गल्ली
मग पुण्याकडं दुसरी कशाला, हैदराबादचीच घ्या की. ३०० किलोमीटर, मुंबईपेक्षा जवळ. आमचे अर्धे पाहुणे तिकडंच आहेत.

साखरपेठ
पाहुणे तिकडं आहेत पण सर्व्हर मुंबईत आहेत ना. गेमचे सर्व्हर, व्हिडिओचे कॅश, बँका, सगळं मुंबई. हैदराबादकडून आलं तरी परत मुंबईलाच जाणार.

हिंजवडीतला सोलापुरी
दोघंही अर्धे बरोबर. जग दोन बाजूंना वाटा. दुबई, युरोप या पश्चिमेच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, तेव्हा चादरशेठचा कॉल पुणे-मुंबईनंच जायला हवा. सिंगापूरकडं जायला चेन्नई जवळ. सोलापूरहून मुंबई, मुंबईहून परत चेन्नई आणि मग समुद्र, असं केलं तर देश आडवा पार करायला वीस-पंचवीस मिलिसेकंद फुकट जातात. हैदराबादवरून चेन्नई गाठली तर त्यातले बरेचसे वाचतात. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या पोरांना ते जाणवेल.

पण यासाठी नुसती लिंक पुरत नाही. स्वतःचा एएस नंबर (बीजीपीतली आपल्या नेटवर्कची ओळख) आणि स्वतःचे आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) लागतात, आयआरआयएनएनकडून, म्हणजे भारतात ते वाटणाऱ्या संस्थेकडून मिळतात, आणि जगात मिरवायला कमीत कमी /२४, म्हणजे २५६ पत्त्यांचा तुकडा, त्याहून लहान कुणी घेत नाही. मग जाणारं पॅकेट कुणाकडं द्यायचं ते लोकल प्रेफरन्स (पसंतीचा आकडा) लावून तुझ्या हातात. येणारं पॅकेट कुठून यावं हे मात्र पूर्ण तुझ्या हातात कधीच नसतं. रस्ता मुद्दाम लांब दाखवता येतो, अपस्ट्रीमच्या कम्युनिटी (रस्त्यांवर लावायच्या खुणा) वापरता येतात, पण शेवटी समोरच्याची मर्जी. आणि लिंक पडली की किती वेळात वळेल तेही बघ. बीजीपी वाट बघत बसतो, कुठं ९० सेकंद, कुठं १८०. बीएफडी (लिंक जिवंत आहे का ते सतत तपासणारं) लावलं तर सेकंदाच्या आत कळतं.

पिंग पहिलवान
हे सगळं होईपर्यंत माझी दहावी होईल. रात्रीच्या रांगेचं बोला ना कुणीतरी.

जाळीवाला
पहिलवान, रांगेचं मी बोलतो. राउटरवाल्यांनी मेमरी स्वस्त झाली म्हणून बफर मोठे मोठे केले. पॅकेट फेकण्यापेक्षा थांबवून ठेवलेलं बरं असं वाटतं, पण टीसीपीला पॅकेट हरवल्याशिवाय कळतच नाही की रस्ता भरलाय, त्यामुळं तो आणखी जोरात पाठवतो आणि बफर तुडुंब भरून राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. गड्ड्याच्या यात्रेत एका पाळण्याच्या रांगेत अख्खं गाव उभं करायचं आणि वर म्हणायचं बघा, एकही माणूस परत पाठवला नाही!

उपाय २०१२ मध्ये निघाला, कोडेल. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांचा. तो रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ उभं राहिलं ते बघतो. ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ सतत उभं राहायला लागलं की एखादं फेकतो, म्हणजे पाठवणारा शहाणा होतो. त्याच्या पुढं एफक्यू-कोडेल, मग केक, हे त्याचेच सुधारलेले प्रकार. यात प्रत्येकाची रांग वेगळी, म्हणून तुझी गेमची बारकी पॅकेटं शेजारच्याच्या डाउनलोडमागं उभी राहत नाहीत.

जुळेकर, तुमची ५ जीबी अपस्ट्रीमकडं भरते, म्हणजे रांग त्याच्या राउटरात लागते, तुमच्या हातात नाही. तुम्ही आपल्याकडं ४.८ ला अडवा, म्हणजे रांग तुमच्याकडं येईल, आणि तिथं केक लावा. लिब्रेक्यूओएस म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, छोट्या ऑपरेटरांसाठीच बनवलंय, एका बऱ्या सर्व्हरवर चालतं. घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं फुकट सॉफ्टवेअर) असेल तर घरापुरतं एसक्यूएम, म्हणजे हीच रांगेची सोय, लावता येतं.

साखरपेठ
४.८ म्हणजे दोनशे एमबी विकत घेऊन सोडून द्यायची?

जाळीवाला
हो. रस्ता शंभर टक्के भरला की रांग अमर्याद वाढते, हे पाण्याच्या टँकरच्या रांगेपासून सगळीकडं खरं आहे. थोडी मोकळी जागा ठेवलीत तरच वेळ सांभाळता येतो.

शाळेतले सर
एक शंका. आमच्या शाळेत पिंग चांगला आहे, तरी प्रत्येक साइट उघडायला आधी क्षणभर अडखळते, मग धाडकन येते. हे कशामुळं?

हिंजवडीतला सोलापुरी
सर, डीएनएस बघा, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर. नाव विचारायलाच लांब जात असाल. एका पानात पंधरा-वीस नावं असतात. आणखी एक गंमत, काही व्हिडिओवाले तुमचा डीएनएस कुठं आहे त्यावरून तुम्ही कुठं आहात ते ठरवतात. डीएनएस सिंगापूरचा असेल तर कॅशही तिकडचा मिळू शकतो. जुळेकर, स्वतःचा रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हर) जुळ्यात बसव, एका दिवसाचं काम आहे.

जुळेकर
तीन दिवसांनी लिहितोय, माफ करा.

चादरशेठ, आधी तुमची माफी. तुमच्या पोराचं बरोबर होतं. एमआयडीसीचं सगळंच्या सगळं ट्रॅफिक वायरलेसवरून जात होतं, आणि फायबर दीड वर्ष जवळजवळ रिकामं पडून होतं. मी ग्राफ बघायचो तेव्हा वाटायचं एमआयडीसीला वापरच कमी आहे. फायबरची कॉस्ट १०, वायरलेसची २०० केली. त्याच रात्री एमआयडीसीचा पिंग ७० वरून ४० वर आला. उरलेल्या ४० मधले सकाळचे ९ सोडले तर बाकी बाहेरची रांग, ती सगळ्यांना सारखीच होती.

मग जुना सर्व्हर काढून लिब्रेक्यूओएस बसवलं. पहिल्या दिवशी ४.९ ला अडवलं तर फार फरक नाही, ४.७ केलं तेव्हा रात्री दहाचा मुंबई पिंग ११-१२ झाला. मी मोबाइलवर बघत बसलो होतो, आई म्हणाली मॅच आहे का.

ट्रंकवाले काका, नोंदवही सुरू केलीय. दर पाच मिनिटांनी मुंबई, हैदराबाद, सिंगापूर आणि प्रत्येक ओएलटीचा पिंग. रविवारी संध्याकाळी ७ ते ११ सगळ्यात वाईट, हे मला आधी माहितीच नव्हतं.

पिंग पहिलवान
परवापासून गोळी वेळेवर लागतेय. आता हरलो तर कारण उरलं नाही.

चादर टॉवेल
माफी कसली, या एकदा चहाला. पोराला सांगतो, फुशारकी मारायला आठवडा पुरेल.

तेलुगू गल्ली
आणि होटगी रोड ते एमआयडीसी फायबर तुटलं तर आता वायरलेसच ना? मग पुन्हा तेच.

जुळेकर
हो, म्हणून रिंग पूर्ण करायचं ठरवलंय. एमआयडीसीहून परत जुळ्याला वेगळ्या रस्त्यानं फायबर. पिंगसाठी नाही, तुटण्यासाठी. प्रत्येक टोकाला राउटर, जाळीवाल्यांनी सांगितलं तसं. एमआयडीसीतले दोन खांब कुणाचे यावर बोलणी अडलीत.

होटगी जंक्शन
नवी लाइन टाकली की सगळ्या गाड्या तिकडं वळवू नका एवढंच सांगतो. जर्मनीत ब्रेस नावाच्या गणितज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की नवा रस्ता वाढवल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण जो तो आपल्यापुरता जवळचा रस्ता धरतो. तुमच्या वायरलेसचं तेच झालं होतं.

क्ष किरण ताई
आणि आमच्या डॉक्टरांचं काय? मूळ प्रश्न चेन्नईचा होता ना, तो राहूनच गेला.

जुळेकर
ताई, राहिला नाही, तुमचं वाचून त्याच कामाला लागलो होतो. नवी पेठेतल्या त्या दुसऱ्या ऑपरेटरकडं गेलो. आधी त्यांना वाटलं खांबाचं भांडण घेऊन आलोय. मग त्यांना ट्रेसराउट दाखवला, उलटाही मारला. तिकडून येताना पॅकेट चेन्नईहून मुंबईला न जाता नागपूरमार्गे फिरून येत होतं. ते बघत बसले आणि म्हणाले, माझ्या पोराचा गेमपण असाच जातो की.

निघालं असं की दोघांची फायबर अशोक चौकाजवळ एकाच इमारतीत येतात, वरचा मजला आमचा, खालचा त्यांचा. खोली नको, स्विच नको, भाडं नको. साखरपेठ दादा, तुमचा खर्चाचा मुद्दा डोक्यात होता म्हणूनच इतकं बारीक शोधलं. एक १५ मीटरची पॅच कॉर्ड, दोन्हीकडं एकेक एसएफपी (राउटरात फायबर जोडायचा तुकडा), आणि बीजीपीत फक्त एकमेकांचे आयपी. त्यांचा माल मी बाहेर नेणार नाही, माझा ते नेणार नाहीत. दोघांनी फिल्टर लावलेत, नाहीतर चुकून सगळं जग एकमेकांच्या तारेवर यायचं. राउटर ते राउटर पिंग अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत, घर ते दुकान ४. कॅमेरा आता लगेच उघडतो.

तिसरा ऑपरेटर विजापूर रोडचा, त्यानं परवा फोन केला, आम्हालापण घ्या म्हणून. तिघं झालो तर मग स्विच लागेल.

साखरपेठ
तिघं झालात तर स्विचचे पैसे मी देतो. सेकंडहँड आहे माझ्याकडं एक, १० जीबीचा, चालू.

निवृत्त ट्रंकवाला
थेट सर्किट आधी भरायचं, उरलेलं वर. लिहून ठेवा, आणि ती पॅच कॉर्ड कुणी झाडताना काढणार नाही अशी बांधा.

तेलुगू गल्ली
हैदराबादचं काय ठरलं?

जुळेकर
दोन कोटेशन आलीत. एकानं तार कुठून जाते ते सांगायला नकार दिला, दुसऱ्यानं नकाशा दिला, पूर्ण रुळाच्या कडेनं आहे. दुसरा महाग आहे. एएस नंबरचा अर्ज भरतोय, तो येईपर्यंत चुलत्यांना पटवायचंय.

क्ष किरण ताई
जुळेकर भाऊ, आमचे डॉक्टर तुमच्याकडं आणि हॉस्पिटल त्या नवी पेठवाल्यांकडं. मग आमचं त्या पॅच कॉर्डवरून जातंय का?

जुळेकर
मंगळवारपासून.

क्ष किरण ताई
तरीच. काल रात्री स्कॅन पाठवला आणि सवयीनं चहा करायला उठले, तर पाणी उकळायच्या आत सरांचा फोन आला, डाव्या बाजूला रक्तस्राव आहे, लगेच ऑपरेशनला घ्या.